एटीपी मीटर भाड्याने घेतलं, तीन महिने वापरलं: गिरगावातल्या पोळी-भाजी केंद्राचा अनुभव

गिरगावात आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, सासूबाईंनी सुरू केलेलं, आता मी बघते. रोजच्या सात-आठशे पोळ्या, तीन भाज्या, आमटी-भात, शनिवार-रविवार इडली. एप्रिलपासून आम्ही एटीपी मीटर भाड्याने घेतलंय, म्हणजे टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा जाड असं हातात मावणारं मशीन, ओट्यावरनं स्वॅब (टोकाला बोळा असलेली काडी) फिरवायचा, मशीनमध्ये घालायचा आणि पंधरा सेकंदांत आकडा येतो, स्वच्छ आहे का नाही. आजूबाजूच्या दोन-तीन केंद्रवाल्यांनी विचारलं की घ्यावं का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. लांब होईल, कारण मशीन चांगलंय का वाईट एवढं सांगून भागणार नाही, ते नक्की काय मोजतं हे कळल्याशिवाय कोणी वापरू नये असं माझं ठाम मत झालंय. देणाऱ्या एजन्सीचं आणि मशीनच्या कंपनीचं नाव टाकत नाहीये, पुढे एक तक्रार आहे आणि मला भांडण नको, मशीनबद्दल बोलायचंय.

आधी खर्च. मशीन विकत घ्यायचं तर आमच्यासारख्याला झेपत नाही, म्हणून आम्ही चार किचनवाल्यांनी मिळून घेतलं, आम्ही, ठाकुरद्वारची एक मालवणी खानावळ, एक डबेवाल्या काकू आणि एक उपवासाच्या पदार्थांचं दुकान. महिन्याचं भाडं साडेचार हजार, चौघांत वाटून घेतो. स्वॅब वेगळे, एक 260 रुपयांना, एकदा वापरला की फेकायचा. खरा खर्च तिथे आहे. मी आठवड्याला दहा स्वॅब वापरते, जास्त नाही.

वापरायला सोपं आहे. स्वॅब फ्रीजमधनं काढून दहा मिनिटं बाहेर ठेवायचा (हे विसरायचं नाही, गार स्वॅबवर आकडा कमी येतो), वीतभर चौकोनात उभा-आडवा घासायचा, परत नळीत घालायचा, वरचा खटका मोडायचा की वरचं द्रव खाली येतं, पाच सेकंद हलवायचं आणि मशीनमध्ये उभं धरायचं. आमच्या मशीनच्या पत्रकात 10 पर्यंत पास, 11 ते 30 म्हणजे लक्ष द्या, 30 च्या वर परत धुवा असं दिलंय. हे आकडे प्रत्येक कंपनीच्या मशीनचे वेगळे असतात, त्यामुळे माझ्या 30 ची तुमच्या 30 शी तुलना करू नका.

पहिल्या दिवशी सगळं धुऊन-पुसून झाल्यावर आम्ही पाच जागा घेतल्या. स्टीलचा ओटा 7. पोळपाट 22. फ्रीजचं हँडल 96. मिक्सरच्या झाकणातली रबरी रिंग 340. आणि विळी, जिच्यावर रोज वीस-पंचवीस नारळ खवले जातात, तिच्या पात्याच्या आणि पाटाच्या सांध्यात 1,180. पोळ्या लाटणाऱ्या मोठ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "ताई, विळी मी स्वतः घासली गरम पाण्यानी. तुझ्या मशीनला काय कळतंय?" आणि त्या खोटं बोलत नव्हत्या, विळी बघायला चकचकीत होती, मीसुद्धा तिच्यावर खुशाल खोबरं खवलं असतं. आम्ही स्क्रू काढून पातं सोडवलं तर आत काळपट चिकट थर निघाला, खोबऱ्याचा चव जाऊन बसलेला, किती दिवसांचा देवाला ठाऊक. त्या एका गोष्टीसाठी माझे पैसे वसूल झाले. आता दर मंगळवारी पातं सोडवून धुतो.

पण मावशींचा प्रश्न बरोबर होता. मशीनला काय कळतं?

एजन्सीचा मुलगा मशीन द्यायला आला तेव्हा म्हणाला, "ताई, हे जंतू मोजतं." नाही मोजत. मी रुईयाला मायक्रोबायोलॉजी केलंय, वीस वर्षांपूर्वी, नोकरी नाही केली पण विषय डोक्यातनं गेलेला नाही आणि हे वाक्य ऐकून मला राहवलं नाही. हे मशीन एटीपी मोजतं, अॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे ओळीने तीन फॉस्फेट जोडलेला एक रेणू. प्रत्येक जिवंत पेशी, टोमॅटोची, खोबऱ्याची, माणसाच्या कातडीची, दह्यातल्या बॅक्टेरियाची, आपलं काम एटीपी खर्चून करते. म्हणून जिथे पेशी होत्या किंवा आहेत तिथे एटीपी सापडतं. जंतू असले तर त्यांचंही सापडतं. पण आकडा बघून हे खोबऱ्याचं का जंतूंचं ते सांगता येत नाही.

इथे जरा थांबते कारण मला या विषयात खरंच जीव आहे आणि मशीन विकणारे हा भाग कोणी सांगत नाहीत.

कॉलेजात मुक्त ऊर्जा हा धडा आम्ही पाठ केला होता, समजला नव्हता. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे आधी. (व्हॉट्सअॅपवर पंख्याला चुंबक लावून फ्री एनर्जी म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.) मुक्त म्हणजे कामाला लावता येण्याजोगी, हाताशी मोकळी असलेली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विलर्ड गिब्जनी 1870 च्या दशकात हा हिशोब मांडला. एखादी रासायनिक क्रिया आपसूक पुढे जाईल का हे नुसत्या उष्णतेवरनं ठरत नाही, पसारा किती वाढतो आणि तापमान किती आहे तेही त्यात धरावं लागतं. घरी बघायचं असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व आणि चमचाभर खाण्याचा सोडा टाका. फसफसून वर येतं आणि ग्लास हाताला गार लागतो! उष्णता बाहेर पडत नाहीये, उलट आत ओढली जातेय, तरी क्रिया आपली आपण धडाक्यात चाललीय, कारण बांधलेला कार्बन डायऑक्साइड वायू होऊन मोकळा सुटतो, पसारा इतका वाढतो की हिशोब त्याच बाजूला झुकतो. एकूण मुक्त ऊर्जा कमी होत असेल तर क्रिया उतारावर आहे. वाढत असेल तर चढावर आहे, आपण होऊन होणार नाही.

आता पेशीची अडचण बघा. तिला सतत चढावरची कामं करायची असतात. प्रोटीन बांधायचं, मीठ बाहेर फेकायचं, साखरेला फॉस्फेट चिकटवायचं. आपण किचनमध्ये चढावरचं काम आलं की गॅस मोठा करतो. पेशीत चूल नाही. आपल्या अंगात सगळीकडे साधारण 37 डिग्री, आणि सगळीकडे तापमान एकच असलं की उष्णतेकडनं काम करून घेता येत नाही, त्याला एक बाजू गरम आणि एक गार लागते, वाफेच्या इंजिनाला असते तशी. म्हणून पेशी काय करते, तर चढावरची क्रिया उतारावरच्या क्रियेला जोडून टाकते आणि दोन्हींचा मिळून उतार झाला की काम होतं. ग्लुकोजला फॉस्फेट लावायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक माप) 13.8 किलोज्यूल चढ. एटीपीचं पाण्याने विघटन झालं तर 30.5 चा उतार. दोन्ही एकत्र बांधले की 16.7 चा उतार, झालं काम. आणि हे शेजारी एटीपी जळतंय आणि त्याच्या धगीवर ग्लुकोज शिजतंय असं होत नाही! एकाच एन्झाइमच्या (क्रिया घडवून आणणाऱ्या प्रोटीनच्या) कुशीत एटीपीचं फॉस्फेट थेट ग्लुकोजच्या हातात दिलं जातं, मध्ये पाण्याला शिरू देत नाहीत. हातातनं हातात. ही गोष्ट मला परीक्षेनंतर कितीतरी वर्षांनी, स्वतःच्या किचनमध्ये उभी असताना नीट कळली, आणि कळली तेव्हा खूप आनंद झाला होता.

अजून एक, एटीपीमध्ये ऊर्जेने भरलेला बाँड (अणूंमधला जोड) असतो आणि तो तुटला की ऊर्जा बाहेर पडते असं आम्हाला शिकवलं. बाँड तोडायला ऊर्जा लागते, कुठलाही बाँड असो. फायदा होतो तो एकूण देवघेवीत, म्हणजे तीन ऋणभारित फॉस्फेट एकमेकांना ढकलत दाटीवाटीने बसलेले असतात, सुटे झाले की नवीन रचनेत निवांत होतात. आणि त्याहून मोठं कारण, जे पुस्तकात एका ओळीत उरकतात, पेशी एटीपीचं प्रमाण एडीपीच्या (एक फॉस्फेट सुटल्यावर जे उरतं त्याच्या) मानाने मुद्दाम खूप वर ठेवते. म्हणूनच पुस्तकातले 30.5 पेशीत प्रत्यक्षात 50 च्या आसपास जातात. ताकद रेणूपेक्षा जास्त त्या असमतोलात आहे.

मावशींना मी हे आमच्या चाळीच्या टाकीवरनं सांगितलं. पहाटे पाचला खाली पाणी येतं, पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवतो, मग दिवसभर नळाला जोर असतो. टाकीतलं पाणी आणि खालच्या हौदातलं पाणी एकच, वेगळं काही नाही त्यात, जोर येतो तो वर चढवून ठेवल्यामुळे. गच्चीची टाकी रिकामी झाली तर हौद कितीही भरलेला असो, तिसऱ्या मजल्यावर नळ कोरडा. मावशी म्हणाल्या, "म्हणजे पंप बंद पडला की माणूस गेला." अगदी तसंच. आणि पेशीत खरोखरच असा पंप आहे, हा माझा नुसता दाखला नाही. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या केंद्रात, अन्नातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाताना प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एक चक्र फिरतं, त्या चक्रावर एटीपी तयार होतं. ब्रिटनच्या पीटर मिचेलनी 1961 मध्ये हे मांडलं तेव्हा फार कमी लोकांना पटलं, 1978 ला नोबेल मिळालं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत त्या चक्राला आठ दाते, आठ प्रोटॉन गेले की एक फेरा आणि एका फेऱ्यात तीन एटीपी. 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला चमकणारा धागा चिकटवून ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष बघितलं.

एका वेळी आपल्या अंगात एटीपी असतं जेमतेम 50 ग्रॅमच्या आसपास. आणि दिवसभरात लागतं किती, तर मी बिलाच्या पाठीमागे हिशोब केला, 2,000 कॅलरी खाणाऱ्या माणसाचा, तीस-चाळीस किलो येतं. म्हणजे तेच तेच रेणू दिवसातनं शेकडो वेळा खर्च होऊन परत भरले जातात. मावशी तीनशे पोळ्या लाटतात तेव्हा त्यांच्या दंडात हेच चाललेलं असतं, आणि त्या रोज लाटतात, गेली अकरा वर्षं.

हा रेणू 1929 मध्ये सापडला, जर्मनीत कार्ल लोहमान यांना आणि त्याच सुमाराला हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. हे नाव आमच्या वर्गात एकदाही घेतलं गेलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

मशीनकडे परत येते.

एक प्रश्न मला पहिल्यापासून पडला होता. एटीपीचं विघटन एवढं उतारावर आहे तर मग मेलेल्या टोमॅटोचं एटीपी पाटावर तासन्‌तास टिकतं कसं, लगेच संपून का जात नाही? कारण उतार असणं वेगळं आणि घसरणं वेगळं. मध्ये एक उंबरठा असतो, एन्झाइम तो उंबरठा खाली आणतं, ते नसेल तर रेणू पाण्यात बसून राहतो. पेशीला हेच हवं असतं, नाहीतर सगळी कमाई वाटेतच सांडली असती. आणि म्हणूनच आपल्या किचनमध्ये पुसून झाल्यावरही कोपऱ्यात उरलेलं मशीनला सापडतं. म्हणजे आकडा मोठा आला याचा अर्थ इथे अन्न किंवा जीव राहिलाय, धुणं अपुरं पडलंय. जंतूंना तिथे खायला आहे. एवढाच अर्थ घ्यायचा.

आता स्वॅबच्या वरच्या द्रवात काय असतं, तर काजव्याचं एन्झाइम. ल्युसिफरेज, आणि सोबत ल्युसिफेरिन, म्हणजे ज्याच्यातनं उजेड निघतो तो पदार्थ. स्वॅबवरच्या पेशी फुटतात, एटीपी बाहेर येतं, ते ल्युसिफेरिनला लागतं, मग ऑक्सिजनशी क्रिया होऊन पिवळट-हिरवा प्रकाश पडतो. जितकं एटीपी तितका उजेड, मशीन फक्त तो उजेड मोजतं. काजव्याला चमकायला एटीपी लागतं हे 1947 मध्ये अमेरिकेत विल्यम मॅक्एलरॉयनी दाखवलं, त्यांनी बाल्टिमोरच्या पोरांना पैसे देऊन काजवे गोळा करवले होते. आता काजवे मारावे लागत नाहीत, ते एन्झाइम बॅक्टेरियाकडनं बनवून घेतात, हे कळल्यावर माझ्या मुलीला बरं वाटलं. आणि एटीपीची ऊर्जा उजेडात बदलते असं जे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं ते पूर्ण खरं नाही, त्या रंगाच्या प्रकाशाला मोलमागे 210 किलोज्यूलच्या वर लागतात आणि एटीपी देऊन देऊन देणार 50. उजेडाची बरीचशी ऊर्जा येते ल्युसिफेरिन ऑक्सिजनशी जळतं त्यातनं. एटीपी फक्त ल्युसिफेरिनला त्या क्रियेसाठी तयार करून देतं. पण ते नसेल तर काही पेटत नाही, म्हणून मोजायला उत्तम.

आता तक्रार. मे महिन्यात स्वॅबचा दुसरा डबा आला आणि अचानक सगळे आकडे 0, 2, 3. पोळपाट 1. फ्रीजचं हँडल 3. दोघी मावशी खूश, एकमेकींना टाळी दिली. मी पण पहिला दिवस खूश होते. दुसऱ्या दिवशी विळीचं पातं न सोडवता मुद्दाम सांध्यात स्वॅब फिरवला, 4. तेव्हा पोटात गोळा आला. एक लालबुंद टोमॅटो कापला, त्याच्या कापलेल्या भागावरनंच स्वॅब फिरवला. एप्रिलमध्ये हा आकडा चार हजारांच्या वर गेला होता. आता आला 38.

एजन्सीला फोन केला तर पलीकडनं उत्तर, "ताई, मशीन बरोबर आहे, तुमचं किचन स्वच्छ झालंय." मी म्हटलं भाऊ, टोमॅटो पण स्वच्छ झालाय का? मग तीन फोन झाल्यावर कळलं की डबा गोडाऊनमध्ये फ्रीजबाहेर पडून होता, किती दिवस ते शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही, आणि आमच्याकडे येताना सकाळपासनं दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत. मे महिन्यातली मुंबई! डब्यावर स्पष्ट लिहिलंय, 2 ते 8 डिग्री. ल्युसिफरेज हे प्रोटीन आहे आणि उष्णतेला फार नाजूक, एकदा त्याची घडी विस्कटली की एटीपी समोर असूनही उजेड पडत नाही. एटीपी ओट्यावर होतंच, सांगणारा आंधळा झाला होता. आणि या मशीनची ही सगळ्यात धोक्याची बाजू आहे, बिघडलं की ते नापास दाखवत नाही, पास दाखवतं. ज्या दोन दिवसांत आम्ही निश्चिंत होतो त्या दोन दिवसांत आमच्याकडनं रोज दोनशे-सव्वादोनशे डबे गेलेत, त्यातले काही हॉस्पिटलात पेशंटसोबत बसलेल्या नातेवाइकांचे असतात. नशिबाने काही झालं नाही, पण मला ते आठवलं की अजून राग येतो. एजन्सीने चार दिवसांनी 25 स्वॅब बदलून दिले, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्या घालून. आधीच तसे पाठवायला काय झालं होतं?

तर हा नियम कोणीही घेतलं तरी पाळा: प्रत्येक नव्या डब्यातला पहिला स्वॅब टोमॅटोवर. 260 रुपये गेले तरी चालतील.

अशीच फसगत ब्लीचने होते. ओटा क्लोरीनच्या पाण्याने पुसून लगेच स्वॅब घेतला तर आकडा शून्याजवळ येतो, कारण उरलेलं क्लोरीन स्वॅबमधल्या एन्झाइमलाच मारतं. आधी साध्या पाण्याने फडकं फिरवा, वाळू द्या, मग घ्या. तेला-तुपाच्या बाबतीतही आकड्यावर भरवसा नको, निव्वळ तेलात पेशी नाहीत म्हणून एटीपी जवळजवळ नाही, चिकट तेलकट भिंतसुद्धा पास होईल. साखरेचा पाक सांडला असेल तेही तसंच. व्हायरसचंही काही कळत नाही, व्हायरसकडे स्वतःचं एटीपी नसतंच, तो दुसऱ्याच्या पेशीच्या जिवावर चालतो. थोडक्यात डोळे आणि नाक वापरायचं सोडू नका.

आणि उलटही होतं. उत्सुकता म्हणून इडलीच्या आंबलेल्या पिठाचा थेंब लावून बघितला, मशीन पार वरच्या टोकाला गेलं. ते पीठ उत्तम होतं, त्याच दिवशी त्याच्या सव्वादोनशे इडल्या गेल्या, मऊ लुसलुशीत. त्यात कोट्यवधी बॅक्टेरिया जिवंत असतात. इडलीच्या पिठात मुख्य असतो तो ल्युकोनॉस्टॉक नावाचा बॅक्टेरिया, तो ऑक्सिजनशिवाय एका ग्लुकोजमागे फक्त एक एटीपी कमावतो, आपल्या पेशी त्याच ग्लुकोजमधनं तीसच्या आसपास काढतात. कमाई कमी म्हणून तो साखर भराभर संपवतो, आंबट आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडत जातो आणि त्या वायूने पीठ वर येतं. त्याच्या गरिबीवर आपली इडली फुगते. मे महिन्यात आमच्याकडे पाच-सहा तासांत पातेल्याच्या काठाला लागतं, जानेवारीत रात्र पुरत नाही. तेव्हा आकडा मोठा म्हणजे वाईट असं समजून कोणी दही-ताक-पिठावर स्वॅब फिरवत बसू नका, धुतलेल्या भांड्यावर फिरवा.

खानावळवाल्या दादांना वाटलं होतं मासा ताजा आहे का ते पण कळेल. मी म्हटलं, नाही कळणार. मासा मेला की त्याच्या मांसातलं एटीपी टप्प्याटप्प्याने मोडत जातं (त्यातल्या मधल्या एका टप्प्यामुळेच माशाला चव येते), म्हणजे ताज्या बांगड्याचा आकडा जास्त आणि शिळ्याचा कमी येऊ शकतो, आणि आणखी शिळा झाला की जंतूंमुळे परत वर. काही अर्थ लागत नाही. कल्ले आणि डोळे बघून घ्या, आई घ्यायची तसं. त्यांच्या लाकडी ओंडक्याचा आकडा मात्र कधीच 300 च्या खाली आला नाही, किती घासला तरी, शेवटी त्यांनी ओंडका बदलून प्लास्टिकचा जाड पाट घेतला, आता 15-20 येतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मुलीला घेऊन भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलो होतो. घरी तिने लाइट बंद करून स्वॅबची नळी डोळ्यांजवळ धरून बघितली होती, उजेड दिसतो का म्हणून, डोळ्यांना काही दिसत नाही, फार मंद असतो. तिथे हिरड्याच्या का सादड्याच्या एका झाडावर हजारो काजवे एकदम लुकलुकत होते, सगळं झाड पेटायचं, विझायचं, परत पेटायचं. ती हळूच म्हणाली, "आई, केवढा आकडा येईल याचा." मला काही बोलता नाही आलं. प्रत्येक लुकलुकीमागे तेच एटीपी, मावशींच्या दंडात तेच, खोबऱ्याच्या चवात तेच, पिठातल्या त्या बॅक्टेरियात तेच.

तर घ्यावं का? एकट्याने विकत नको. तीन-चार जणांत भाड्याने घ्या आणि पहिले दोन महिने नक्की घ्या, कारण आपल्या किचनमध्ये घाण कुठे दडते हे दोन महिन्यांत कळतं, नंतर आठवड्याला पाच-सहा स्वॅबवर भागतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला तो ओट्याच्या फडक्यामुळे. धुऊन वाळत टाकलेलं फडकं पावसाळ्यात दुपारपर्यंत ओलंच राहतं आणि आम्ही त्याच फडक्याने स्वच्छ ओटा पुसून 8 चा 140 करत होतो, हे मशीनशिवाय मला जन्मात कळलं नसतं. आता दिवसाला बारा फडकी, प्रत्येक वेळी कोरडं, संध्याकाळी उकळत्या पाण्यात. मावशी आधी कुरकुरल्या, आता त्याच ओरडतात कोणी ओलं उचललं की.

मशीनला पाचपैकी साडेचार. एजन्सीच्या सर्व्हिसला दोन, त्यातला एक बर्फाच्या पिशव्यांचा. भाडं सप्टेंबरपर्यंत वाढवलंय. गुरुवारी नवा डबा येतोय, टोमॅटो आणून ठेवलेत.